धुरपेचा वाटा

फार वर्षांपूर्वी, आपल्या या डोंगरात वाट म्हणजे गुरांच्या खुरांनी पडलेली रेघ होती तेव्हा, कड्याखालच्या करंजमेटात धुरपा नावाची एक बाई राहत होती. ती दिसायला कशी होती ते आज कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं उंच होती, कुणी म्हणतं ठेंगणी. तिच्या आवाजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. ती बोलायला लागली की तिच्या बोलण्याच्या तळाशी एक बारीक गुणगुण ऐकू यायची, असं म्हणतात. ही गुणगुण जन्मापासूनची नव्हती. ती एका हिवाळ्यात आली, आणि त्या हिवाळ्याचीच ही गोष्ट आहे.

करंजमेट म्हणजे कड्याच्या पोटाशी बसलेली मूठभर घरं. वर कडा, खाली दरी, मध्ये नाचणी-वरीच्या पट्ट्या, आणि जिकडे तिकडे हिरड्याची आणि जांभळाची झाडं. हिरडा वेचायचा, घाटाखाली न्यायचा आणि मीठ-कापड घेऊन यायचं, यावर गाव जगायचं. त्या झाडांच्या ढोलींत सातेरी माशा नांदायच्या. सातेरी म्हणजे बारकी, गरीब स्वभावाची माशी. अंधारात घर करते आणि बारा महिने तिथंच राहते. कड्याला मात्र आग्या मोहोळं लोंबायची, सुपाएवढाली, काळी. आग्या माशी मोठी आणि तिखट; ऋतू बघून येते, ऋतू बघून जाते.

त्या वर्षी कारवी फुलली. सात वर्षं नुसती हिरवी उभी राहणारी कारवी फुलते तेव्हा डोंगर डोंगर राहत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. सगळा उतार निळाजांभळा झाला. वारा आला की रंगच हलतोय असं वाटायचं. माशांचा आवाज तर असा, की चुलीपुढं बसलेल्या बाईला तो भाताच्या आधणासारखा ऐकू यायचा. ढोली भरल्या, कडे भरले. आणि माणसांचं भान सुटलं.

एरवी ढोलीतलं पोळं काढलं तरी त्यातलं थोडं मागं ठेवायची रीत होती. त्या वर्षी ती कुणी पाळली नाही. लोकांनी कुऱ्हाडीनं ढोली फोडल्या. वरचा मधानं भरलेला कांदा तर कापलाच, पण पिल्लांची पोळीसुद्धा पिळली. "भरतील की परत," असं जो तो म्हणायचा. कारवी समोर फुललेली होती, त्यामुळं ते खरंही वाटायचं. फुलून झाली की कारवी मरते, हे त्या रंगात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धुरपेचा नवरा लुमाजी हा कड्यावरून मोहोळं उतरवणारा. त्याच्याइतका हलका पाय गावात दुसरा नव्हता. कड्यावरून दोर सोडायचा, दोराला माणूस सोडायचा, हातात धुराचा पलिता द्यायचा. आणि वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानं, हा आपल्या डोंगराचा दंडक. दुसरा कुणी हात सोडील, पण बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो सोडणार नाही, म्हणून. धुरपेचा भाऊ गेनू तिच्यापेक्षा धाकटा. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वागवलेला. लग्न झाल्यापासून दर मोसमात दोर त्याच्याच हातात असायचा.

दसरा झाला आणि सगळ्यांत मोठं मोहोळ उतरवायला लुमाजी कड्यावरून खाली गेला. तो परत वर आला नाही.

माशा उठल्या, त्यांनी गेनूलाही झाकून टाकलं, दोर गेला आणि दोराबरोबर लुमाजी गेला. एवढंच गावानं पाहिलं. पुढचं कुणी पाहिलं नाही, कारण तोवर सगळे घोंगडी पांघरून पालथे पडले होते. माणसं दरीत उतरली, लुमाजीला घेऊन आली. त्याआधी कापून वर दिलेल्या मोहोळाचा मध मडक्यात तसाच होता. ते मडकं गेनूच्या घरी गेलं.

धुरपेनं भावाला एकच गोष्ट विचारली नाही: दोर कसा गेला. ती तिला ठाऊकच आहे असं तिनं धरलं. तिसऱ्या दिवशी तो दारात आला तेव्हा तिनं आतून कडी घातली. "ज्याचा हात सुटतो त्याला बहीण नसते," एवढंच ती दाराआडून बोलली. गेनू उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि निघून गेला. ओढ्याच्या पलीकडं त्याचं घर. त्या दिवसापासून धुरपा पाण्यालासुद्धा त्या ओढ्यावर गेली नाही, लांबच्या झऱ्यावर जायला लागली.

घर मुकं झालं. मूलबाळ नव्हतं. ती चूल पेटवायची आणि काही न शिजवता विझवायची.

अशा एका दुपारी अंगणात आवाज आला. तिनं पाहिलं तर माशांचा एक लहानसा थवा घराभोवती फिरत होता. कुणीतरी ढोली फोडलेली, घर मोडलेलं, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी या निघालेल्या. भिंतीला बाहेरून एक भेग होती. भेगेतून त्या एकेक करून आत शिरल्या, आणि आतल्या बाजूला जी दिव्याची देवळी होती तिच्यात जाऊन बसल्या. लुमाजी गेल्यापासून त्या देवळीत दिवा लागला नव्हता.

शेजारची ठकूआत्या पेटती गोवरी घेऊन धावत आली. "सर बाजूला. धूर घालते. ज्यांच्यापायी घरधनी गेला, त्यांनाच घर देतीस व्हय गं?"

धुरपेनं तिच्या हातातली गोवरी काढून घेतली आणि पाण्यात टाकली. "आत्या, ह्या त्या न्हाईत," ती म्हणाली. "आणि त्या असत्या तरी काय. त्यांचंबी घर गेलंय."

तिनं देवळीला घोंगडीचा एक तुकडा पडद्यासारखा लावला. त्या रात्री ती भिंतीला पाठ लावून निजली. भिंत गुणगुणत होती. नवरा गेल्यापासून तिला पहिल्यांदा झोप लागली, असं म्हणतात.

मग थंडी आली.

थंडी दरवर्षीच येते. पण त्या वर्षी ती कड्यावरून उतरली ती उतरतच राहिली. मार्गशीर्षात पहाटेचं दव गवतावर पांढरं होऊन बसायला लागलं. कारवी वाळून काड्या झाल्या होत्या. माळावर एक फूल नव्हतं. धुरपा सकाळी पडदा सारून बघायची, तर माशा एकमेकींना बिलगून मुठीसारख्या झालेल्या. बाहेरच्या आतल्या बाजूला सरकायच्या, आतल्या बाहेर यायच्या, आणि सगळ्या मिळून अंग थरथरवत ऊब धरायच्या. त्या थरथरण्याचाच तो आवाज होता. भिंतीला हात लावला तर एवढी जागा कोमट लागायची, निजलेल्या लेकराच्या पाठीसारखी.

सूर्य वर आला, उन्हाची तिरीप भेगेवर पडली, की मगच एक माशी बाहेर यायची. तोंडाशी बसायची, पाय चोळायची, ऊन अंगात घ्यायची आणि उडायची. मग दुसरी. मग तिसरी. धुरपा विचार करायची, अशा उजाड रानात या जातात कुठं?

एके दिवशी ती त्यांच्यामागं निघाली. माशी दिसेनाशी झाली की थांबायची, पुढची येईपर्यंत वाट बघायची आणि ती गेली त्या दिशेनं पुन्हा चालायची. असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. शेवटी ती एका घळीत उतरली. तिथं खडकाला धरून धायटी फुलली होती. लाल, विस्तवाच्या ठिणग्यांसारखी बारीक फुलं. सगळ्या डोंगरात तेवढंच काय ते जितं रान. त्या घळीत ऊन फक्त भर दुपारी पोचायचं, आणि पोचलं न पोचलं तोच कड्याची सावली त्यावर पडायची.

धुरपा तिथं बसून राहिली आणि तिनं सगळं पाहिलं. ऊन आलं की माशा फुलांवर तुटून पडायच्या. सावली फिरली की गडबडीनं परत निघायच्या. पण लांबची वाट, पोटात थेंबभर रस आणि अंगावर गारठा. निम्म्या वाटेत पंख थांबायचे. धुरपा घरी परतताना वाटेवर बघते तर माशाच माशा पडलेल्या. जिथं ऊन संपलं होतं तिथं त्या संपल्या होत्या.

तिनं एक उचलली. पाय मिटलेले, हलत नव्हती. धुरपेनं तिला तळहातावर घेतलं, ओंजळ मिटली आणि तोंडाशी धरून श्वासाची ऊब दिली. पुन्हा दिली. ओंजळीत काहीतरी गुदगुदलं. हात उघडला तर माशीनं मिशा पुसल्या, पंख हलवले आणि ती घराच्या दिशेनं उडाली.

त्या दिवसापासून धुरपेचं तेच काम झालं. दुपार कलली की ती घळीपासून घरापर्यंतच्या वाटेवर वाकून वाकून चालायची. गारठलेली माशी उचलायची, पदरात घ्यायची, पदराला तोंड लावून वाफ द्यायची. गावातली माणसं बांधावरून बघायची आणि मान हलवायची. तिच्या पदरातून गुणगुण यायची आणि ती चालत असायची. नवरा गेल्याचं डोक्याला लावून घेतलंय बिचारीनं, असं बायका म्हणायच्या.

पण नुसत्या उबेनं पोट भरत नाही. घळीतली धायटी सगळ्यांना पुरणारी नव्हती, आणि पौष लागला तसं दुपारचं ऊनही पातळ झालं. देवळीतली मूठ लहान होत चालली. धुरपेनं पडदा सारून पोळ्याला बोट लावलं. त्याच्या एकाही खणात मध नव्हता. खडखडीत.

तिनं घरातला गुळाचा खडा पाण्यात विरघळवला आणि वाटीत घालून देवळीत ठेवला. निम्म्या माशा वाटीत बुडून मेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्यावर गवताच्या काड्या टाकल्या, म्हणजे बसायला आधार. आता त्या प्यायल्या. पण गूळ त्यांना सोसला नाही. भेगेच्या तोंडाशी, भिंतीवर पिवळे डाग दिसायला लागले, आणि पोटं फुगलेल्या माशा खाली गळायला लागल्या. धुरपेनं वाटी अंगणात पालथी केली आणि तिथंच बसली. आपण जेवायला घातलं आणि आपल्याच जेवणानं मारलं, असं तिला झालं.

माशीचं अन्न मधच. आणि मध गावाच्या मडक्यांत होता.

ती उठली आणि गावचे कारभारी सटवाजी नाईक यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. नाईक ऊन खात बसले होते. आणखीही माणसं होती.

"नाईक, मध पायजे," ती म्हणाली. "थोडथोडा, घराघरातून."

"कशाला गं? खोकला झाला का?"

"माझ्यासाठी न्हवं. माशांना. उपाशी मरत्यात त्या."

ओट्यावर हसू फुटलं. नाईक हसले नाहीत, पण त्यांनी समजूत घातल्यासारखं विचारलं, "येडी का काय तू, धुरपे? माशांना कोण जेवाय घालतं? त्या आपल्याला देत्यात, का आपण त्यांना?"

"कारवी फुलली तवा आपण त्यांच्या घरात शिरून जेवलो, नाईक. ताटंबी ठेवली न्हाईत. आता त्यांच्या चुलीत जाळ न्हाई. त्या मेल्या, तर उंद्या हिरड्याच्या मोहरावर कोण बसणार? जांभळाच्या मोहरावर कोण बसणार? नुस्ता मोहर येईल आणि झडून जाईल. मग घाटाखाली काय नेशीला?"

"देवाची झाडं हायती. देव बघंल," नाईक म्हणाले आणि त्यांनी तोंड उन्हाकडं फिरवलं.

कुणी दिला नाही. दारं लागली. काहींनी नंतर दिला असता, असंही म्हणतात. पण सगळ्यांच्या देखत पहिला कुणाला व्हायचं नव्हतं.

धुरपा घरी आली. भिंतीला कान लावला. आवाज जवळजवळ नव्हताच. खूप लांबून, दरीच्या तळातून कुणी हाक मारावी तेवढा होता. ती तशीच कान लावून उभी राहिली. गावात एक मडकं असं होतं जे उघडलंच गेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. लुमाजी पडला त्या दिवशीचा तो मध. गेनूनं त्याच्या तोंडावरचं फडकंसुद्धा सोडलं नव्हतं.

भिंतीतला आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. धुरपेनं पदर डोक्यावर घेतला आणि ती ओढ्याकडं चालायला लागली.

ओढ्याचं पाणी हाडात शिरत होतं. पलीकडं गेनू अंगणात लाकडं फोडत होता. बहीण ओढा उतरून येताना दिसली, तशी त्याची कुऱ्हाड हवेतच राहिली. त्यानं ती हळूच खाली ठेवली. 

धुरपा अंगणाच्या कडेला थांबली. "ते मडकं हाय का?"

"हाय."

"दे मला."

तो आत गेला. मडकं छातीशी धरून घेऊन आला, जमिनीवर ठेवलं आणि गुडघ्यावर बसून फडक्याची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. बोटं नीट वळत नव्हती. धुरपा त्याच्या हातांकडं बघत राहिली, आणि बघता बघता ती खाली बसली. तिनं त्याचा उजवा हात धरून उलटा केला. मग डावा. दोन्ही तळहातांवर आडवी, खोल वाट पडली होती. कातडं गेलं होतं, मांस गेलं होतं. जखमा भरल्या होत्या त्या वेड्यावाकड्या भरल्या होत्या. बोटं आता कधी पुरती उघडणार नव्हती, पुरती मिटणारही नव्हती.

"गेन्या, हे काय?"

गेनू मडक्याकडं बघत बोलला. "दोर पळत व्हता, आक्का. डोळ्यावर माशा व्हत्या, दिसत न्हवतं काय. मी धरला. हात जळाले तरी धरला. शेवटी थांबला बी. दाजींचं वजन लागत व्हतं हाताला. मग खाली कड्याच्या धारंवर तो तुटला. मला वाटलं दाजींनी पाय टेकला, म्हणून हलकं झालं. मी हासलो आक्का. दोर हातात घट्ट धरून मी हासलो."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू दार कुठं उघडलंस?"

 धुरपेनं भावाचे दोन्ही हात एकात एक घेतले, आपल्या ओंजळीत मिटले, आणि तोंडाशी नेऊन त्यांना श्वासाची ऊब दिली. जशी माशांना द्यायची तशी. गेनू लहान पोरासारखा रडायला लागला. ती ऊब देत राहिली. ऊन सरकून ओढ्यापर्यंत गेलं तरी ती दोघं तिथंच होती, असं म्हणतात.

मग तिनं दातांनी गाठ सोडली. मध दाट झाला होता, काळसर. कारवीचा वास अंगणभर पसरला आणि गेनूच्या बायकोनं आतून विचारलं, "डोंगर फुलला का काय?"

त्याच दिवशी, ऊन असताना, धुरपेनं कोमट पाण्यात थोडा मध कालवला, पानाच्या द्रोणात घातला, वर गवताच्या काड्या टाकल्या आणि देवळीत ठेवला. एक माशी खाली आली. तिनं सोंड लावली. मग दुसरी आली. आणि थोड्या वेळानं भिंत बोलायला लागली. आधी हलकी, मग भरून. गेनू बाहेरून भेगेला कान लावून उभा होता. लुमाजीच्या हातचं शेवटचं जे काही या जगात होतं, ते त्या माशांच्या पोटात गेलं आणि गुणगुण होऊन परत आलं. धुरपेचा आवाज त्या दिवशी बदलला, असं म्हणतात.

पण वास रानात गेला होता. दुसऱ्या दिवशी आसपासच्या ढोलींतल्या उपाशी माशा भेगेवर तुटून पडल्या. घरच्या माशा आणि परक्या माशा एकमेकींना धरून जमिनीवर लोळायला लागल्या. अंगण मेलेल्यांनी भरलं. तेव्हा धुरपेला कळलं की एकाच दारात पंगत मांडली तर मारामारीच होते. ज्याचं त्याला त्याच्या घरी नेऊन द्यायला हवं. तिनं भेग ओल्या मातीनं लिंपली, माशी जाईल एवढंच भोक ठेवलं, आणि मडकं डोक्यावर घेऊन ती आणि गेनू रानात निघाले. ढोलीमागून ढोली. फुटलेल्या ढोलीला गेनू शेणमातीनं बुजवायचा, ती आत द्रोण सारायची.

डोंगर मोठा आणि मडकं एक. पण ते मडकं रितं झालंच नाही, असं म्हणतात. जुनी माणसं शपथेवर सांगतात की रोज संध्याकाळी त्याचा तळ दिसायचा आणि रोज सकाळी ते गळ्यापर्यंत भरलेलं असायचं. दुसरी काही माणसं सांगतात की धुरपा मडकं ओसरीवर ठेवायची, आणि अंधार असताना कुणी ना कुणी हळूच येऊन आपल्या घरचा मध त्यात ओतून जायचं. येताना-जाताना दोघं एकमेकांना दिसले तर दोघंही शेळी शोधायला निघाल्यासारखं करायचे. मला विचाराल तर दोन्ही खरं असेल. मडकं भरत होतं, एवढं नक्की.

आणि मग ते धुकं आलं.

पौष सरता सरता दरीतून धुकं वर आलं आणि गावावर बसलं. सूर्य निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही निघाला नाही. अंगणात उभं राहिलं तर आपलाच हात अनोळखी वाटायचा. झाडं कुठं संपतात आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते दिसत नव्हतं. पाण्याच्या घड्यावर काचेसारखी साय धरली. रानातून आवाज असा उरलाच नाही. गुरं हंबरेनात, कोंबडे आरवेनात.

त्या धुक्यातून माशा आल्या. ढोलींमधली ऊब संपली तशा त्या निघाल्या होत्या, आणि थंडीत माशी उडत नाही हे सगळ्या जगाला माहीत असलं तरी त्या उडत आल्या. धुरपा अंगणात घोंगडी टाकून बसली होती. पहिली तिच्या खांद्यावर बसली. मग दंडावर, पाठीवर, केसांवर. कड्याखालच्या सगळ्या ढोलींतल्या माशा येत राहिल्या आणि या वेळी कुणी कुणाशी भांडली नाही. बघता बघता धुरपा दिसेनाशी झाली. तिच्या अंगावर एक जिवंत, सोनेरी-तपकिरी घोंगडं झालं, आणि ते एका लयीत श्वास घेत होतं. दोन डोळे तेवढे उघडे होते.

गावकरी एकेक करून धुक्यातून आले आणि लांब उभे राहिले. गेनू तिच्यासमोर शेकोटी सांभाळत होता, धूर तिच्याकडं जाणार नाही अशा बेतानं. आपल्या वाकड्या बोटांनी तो तिला पेज पाजायचा. धुरपा डोळे मिटून गुणगुणत होती आणि तिच्याबरोबर अंगण गुणगुणत होतं. त्या आवाजानं उभ्या माणसांना गुंगी यायला लागली. कितीतरी जण तिथंच मातीत बसले. सगळ्यांना एकच स्वप्न पडलं, असं म्हणतात: आपण अंधाऱ्या उबदार घरात आहोत, खांद्याला खांदा लागलाय, आणि बाहेर कुठंतरी फूल उमलतंय.

सटवाजी नाईकांच्या पायाशी एक माशी येऊन पडली. तिला पोचता आलं नव्हतं. नाईकांनी इकडंतिकडं पाहिलं. मग हा एवढा मोठा, मिशीला पीळ देणारा माणूस खाली वाकला, माशी तळहातावर घेतली आणि ओंजळीत तोंड घालून तिला ऊब देत बसला. ती उठेना. नाईक थांबले नाहीत. शेवटी ती उठली, तेव्हा नाईकांचे डोळे भरले होते. ते घरी गेले, आपलं सगळ्यांत मोठं मडकं दिवसाढवळ्या डोक्यावर घेऊन आले आणि अंगणाच्या मधोमध ठेवलं. मग सगळ्यांचीच मडकी आली.

किती दिवसांनी धुकं उठलं ते कुणी मोजलं नाही. एका सकाळी कड्याच्या माथ्यावर पिवळी रेघ दिसली. रेघ खाली उतरत उतरत अंगणात आली आणि धुरपेच्या पायावर पडली. पायावरच्या माशा उठल्या. मग गुडघ्यावरच्या. ऊन चढत गेलं तसं घोंगडं खालून वर उसवत गेलं, आणि शेवटी आभाळात सोन्याचा कोंडा उडाल्यासारखं झालं. माशा आपापल्या ढोलींकडं गेल्या. धुरपेच्या अंगावर एकही डंख नव्हता. तिनं गेनूकडं पाहिलं आणि म्हणाली, "लई भूक लागली रे. भाकरी हाय का?"

त्या वर्षी हिरडा मोहरला, जांभूळ मोहरलं, आणि एकेका मोहरावर माशा बसल्या. फांद्या वाकेपर्यंत फळ धरलं. पलीकडच्या दरीत मात्र मोहर आला आणि झडून गेला, तिथं त्या हिवाळ्यात एकही माशी वाचली नव्हती. पुढं करंजमेटातूनच थवे फुटून तिकडं गेले, तेव्हा कुठं ती दरी पुन्हा बोलायला लागली.

धुरपा पुढं खूप जगली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. देवळीतलं मोहोळही तिनं हलवलं नाही. लोक तिला माशांचं काहीबाही विचारायला यायचे. ती फार सांगायची नाही. "घ्या, पण त्यांचं ठेवून घ्या," एवढंच म्हणायची. पुढं एकदा कारवी फुलली असताना ती सकाळी घळीकडं गेली आणि परतली नाही. गेनू म्हातारा झाला होता. तो काठी टेकत शोधायला गेला. त्याला तिची घोंगडी तेवढी सापडली, निळ्या फुलांत नीट घडी करून ठेवलेली. तो परत आला तेव्हा शांत होता. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "आक्का बरी हाय."

आजही करंजमेटात पोळं कापताना कुणी ते पुरतं कापत नाही. देठाकडचा भाग तसाच ठेवतात. त्याला धुरपेचा वाटा म्हणतात. नवीन सून विचारते, वाटा म्हणजे किती ठेवायचा? त्याचं माप नाही. 'पोटभर ठेव, आपल्या न्हवं, त्यांच्या,' असं तिला सांगतात.

आणि पौषातल्या एका दिवशी, ऊन नीट वर आलं की, घराघरातून माणसं निघतात. प्रत्येक घराची एक ढोली ठरलेली आहे. कोमट पाण्यात कालवलेला मध, पानाचा द्रोण, वर गवताच्या काड्या. घरात कुणा भावाबहिणींचं, कुणा जावाजावांचं बोलणं बंद झालं असेल, तर तो द्रोण त्या दोघांनीच न्यायचा, एकानं एका कडेला धरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या. वाटेत गारठलेली माशी दिसली तर थांबायचं. आधी एकानं तिला ओंजळीत ऊब द्यायची, मग दुसऱ्यानं, आणि ती उडेपर्यंत तिथून हलायचं नाही. तोवर कुणी कुणाचं उणंदुणं काढायचं नाही, कारण तोंड ऊब देण्यात गुंतलेलं असतं. पौषातली माशी उठायला फार वेळ घेते. म्हणून त्या दिवशी करंजमेटात कितीतरी भांडणं बोलायची राहून जातात, आणि मग ती राहूनच जातात, असं म्हणतात.